मोटारीच्या ब्रेकांत शिरलेली हवा

डोंबिवलींतील एखाद्या सोसायटीच्या आवारांत रविवारीं सकाळीं हल्लीं एक देखावा दृष्टीस पडतो. एक हौशी गृहस्थ मोटारीचें चाक काढून बसलेले असतात. शेजारीं पान्हे, चिंध्या आणि ब्रेक ऑईलची बाटली. समोर मोबाइलच्या पडद्यावर कोणी दूरदेशींचा मिस्तरी हेंच काम करून दाखवीत असतो. ब्रेकची जुनी नळी निघते, नवी बसते, चाक चढतें. मग गृहस्थ गाडींत बसून ब्रेक दाबतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. कालपर्यंत थोडासा खालीं जाऊन दगडासारखा थांबणारा ब्रेक आज ओल्या स्पंजावर पाय द्यावा तसा दबत दबत तळाला टेकतो!

पाय दोनतीनदां भराभर मारला कीं पेडल वर येतें आणि घट्टही लागतें. पुष्कळजण तेवढ्यावर समाधान मानतात, आणि येथेंच खरा धोका आहे. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. मुंब्रा बायपासच्या उतारावर पुढचा ट्रक एकाएकीं थांबला, तर तीनदां पाय मारण्याची सवड कोण देणार?

या नरमपणाचें कारण समजण्यास शाळेंतील पदार्थविज्ञान पुरेसें आहे. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. पायाचा जोर मास्टर सिलिंडरांत दाब उत्पन्न करतो, तो नळ्यांतून चारी चाकांना पोंचतो. अमेरिकेंतील माल्कम लॉगहेड यानें हीच युक्ति मोटारीच्या ब्रेकांना लावली, आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग मोटारींत ती दिसूं लागली. द्रव दाबला तरी त्याचें घनफळ जवळजवळ कमी होत नाहीं, यावर हा सारा खेळ उभा आहे. हवेचें तसें नाहीं. दाब दहापट केला कीं हवा दहाव्या हिश्श्यांत मावते, हें बॉईलनें १६६२ सालींच सांगून ठेवलें आहे.

आतां थोडें गणित करावें. मास्टर सिलिंडराचा व्यास २० मिलिमीटर धरला तर त्याचें तोंड सुमारें ३.१४ चौरस सेंटिमीटरचें होतें. नळींत अवघी एक घन सेंटिमीटर हवा राहिली, तर ती चेपण्यांतच दट्ट्याला तीन मिलिमीटरांहून अधिक सरकावें लागतें. पेडलची तरफ पांचपट धरली, तर पाय दीड सेंटिमीटर फुकट खालीं जातो. शेंगदाण्याएवढ्या बुडबुड्याची ही करामत! गंमत अशी कीं, डोंबिवलीच्या फलाटावर थांबणाऱ्या लोकलच्या ब्रेकांत दाबलेली हवाच काम करते. पण तेथें हवा पुरविण्यास स्वतंत्र यंत्र असतें. मोटारींत पायाची चारदोन इंचांची धांव, एवढेंच भांडवल.

तथापि प्रत्येक खालीं जाणारें पेडल हवेमुळेंच जातें असें नाहीं. केवळ पुढचे पॅड बदलले असतील, तर दट्टे मागें ढकललेले असल्यामुळें पहिले कांहीं दाब पोकळ जातात. ते जागेवर आले कीं काम झालें. पेडल खोल जाऊन मग टणक लागत असेल, तर मागच्या ड्रममधील शू व ड्रम यांतील अंतर फार आहे. पाय स्थिर ठेवला असतां पेडल हळुहळू बुडत जात असेल, तर कोठें तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडराचें आंतील रबर गेलें आहे. तेथें हवा काढून कांहीं साधत नाहीं, जाणत्या मिस्तरीलाच बोलवावें. स्पंजासारखें दबणें आणि पाय मारल्यावर सुधारणें ही मात्र हवेची खूण.

हवा काढण्याचें काम दोघांचें आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवूं नये; खालीं भक्कम घोडे लावावे आणि जमिनीवरच्या चाकांना दगड द्यावे. बाप चाकापाशीं आणि लेक गाडींत, अशी जोडी छान जमते. निपलावर पारदर्शक नळी बसवून तिचें दुसरें टोंक बाटलींतील ऑईलमध्यें बुडवावें. "दाब गं!" म्हटलें कीं तिनें पेडल दाबून "धरलंय बाबा," म्हणावें, मग निपल पाव फेरा सैल करावें, बुडबुडे बाहेर पडूं द्यावे, निपल आवळावें, आणि त्यानंतरच "सोड" म्हणावें. हा क्रम चुकला, आवळण्याआधीं पाय उचलला, कीं गेलेली हवा परत आंत! वरची टाकी मधून मधून भरावी. ती रिकामी झाली तर सारा खटाटोप पहिल्यापासून. जुन्या गाडींत पेडल तळापर्यंत दाबूं नये, खालीं लांकडाचा ठोकळा ठेवावा. नाहींतर मास्टर सिलिंडराचें रबर गंजलेल्या भागावर घांसून फाटतें. सामान्यतः सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात, परंतु कित्येक गाड्यांत क्रम निराळा असतो आणि अलीकडच्या एबीएस असलेल्या कांहीं गाड्यांना संगणकयंत्र जोडावें लागतें. गाडीच्या पुस्तिकेला विचारावें.

इतकें करूनही नरमपणा गेला नाहीं तर निपल कोठें आहे तें पाहावें. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल तळाशीं येतें. हवा वर अडकून राहते आणि बाटलीभर ऑईल वाहून गेलें तरी हलत नाहीं. घरगुती कामांतील ही फार जुनी चूक आहे.

ऑईलविषयीं दोन शब्द. लोक त्याला ऑईल म्हणतात खरें, पण बहुतेक गाड्यांतील तो द्रव तेल नव्हेच. त्याऐवजीं इंजिन ऑईल ओतणाऱ्याचीं सगळीं रबरें फुगून निकामी होतात. हा द्रव हवेंतील ओल शोषतो, आणि ठाण्याकल्याणच्या पावसाळ्यांत ओलीला काय तोटा! डॉट ३ प्रकारचें कोरें ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. ओल मुरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आंकडे २३० आणि १५५. माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गें कल्याणला येतांना, किंवा इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरतांना, ब्रेकवर सतत पाय ठेवणाऱ्याच्या नळींत त्या उष्णतेनें वाफ होते. आणि वाफही हवेसारखीच चेपते. आवारांत टणक असलेलें पेडल घाटांत बुडतें तें यामुळें. म्हणून कपाटांतील अर्धी उघडी बाटली वापरूं नये, आणि निघालेलें ऑईल परत ओतूं नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानें धुवावा.

अखेरीस सर्व निपलें कोरडीं पुसून, इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट दाबून धरावें. इंजिन सुरू होतांना तें किंचित् खालीं जातें, त्याची चिंता नको. पुढें बुडत जातां कामा नये. मग हातब्रेक नीट असल्याची खात्री करून आवारांतच माणसाच्या चालीनें गाडी चालवून पाहावी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां एकदां पाय ठेवावा, कारण बारीक बुडबुडे रात्रींतून एकत्र येतात. पहिल्याच दाबाला पेडल कालच्या उंचीवर थांबलें, तर फाटक उघडावें. नाहींतर बाटली, नळी आणि लेक, तिघांनाही पुन्हां खालीं बोलवावें.