वसईच्या तटावर एक दिवस

इतिहासाचें पुस्तक उघडलें कीं मुलांस जांभया येऊं लागतात, ही तक्रार घरोघरीं ऐकूं येते. तिकडे इंग्लंडांत आईबाप मुलांस घेऊन यॉर्कसारख्या जुन्या शहरीं जातात आणि तेथील तटावरून हिंडतां हिंडतां त्यांना गांवाची हकीकत सांगतात. आम्हां पार्लेकरांस तर वसईचा तट अगदीं हाताशीं आहे. म्हणून गेल्या पौषांतील एका रविवारीं आम्हीं तेथें जाण्याचा बेत केला. मंडळी सात: आमचे वडील बंधु, ज्यांस सारें घर अण्णा म्हणतें, वहिनी, आम्ही उभयतां, आणि तीन मुलें. थोरली दहा वर्षांची, मधला आठांचा, धाकटा पांचांचा.

दशम्या, दाण्याची चटणी आणि भरपूर पाणी घेऊन आम्ही उजाडतांच निघालों व बोरिवलीस गाडी बदलली. भाईंदर मागें पडून खाडीचा पूल लागला तेव्हां अण्णा म्हणाले, “आतांपर्यंत आपण साष्टी बेटावर होतों. १७३७ पर्यंत हें बेट पोर्तुगीजांचें होतें.”

“म्हणजे आपलें पार्लेंसुद्धां?” थोरलीनें चकित होऊन विचारलें.

“पार्लेंसुद्धां!”

पुस्तकांतील इतिहास एकाएकीं आपल्या घराच्या अंगणांत येऊन उभा राहिलेला पाहून तिची जांभई कोठल्या कोठें गेली.

स्टेशनावरून रिक्षेनें किल्ला गांठला. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें २०५ वर्षें त्यांनीं येथें तटबंदीच्या आंत एक अख्खें शहर नांदविलें. आज छपरें नाहींत, उंच भिंतींवर पिंपळाचीं मुळें पसरलीं आहेत, परंतु देवळांच्या कमानी अजून डौलानें उभ्या आहेत. याच वसईंत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यास १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर चढविण्यांत आलें, आणि १८६२ सालीं रोमनें त्याला संतपद दिलें.

एका पडक्या देवळाच्या फरशींत पोर्तुगीज अक्षरें कोरलेले थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरून धाकटे चिरंजीव उड्या मारूं लागले. वहिनींनीं त्यांस धरून बाजूस घेतलें. “अरे, खालीं माणसें निजलीं आहेत.”

“शत्रूचीं?”

“माणसांचीं,” वहिनी म्हणाल्या. चिरंजीवांनीं मुकाट्यानें चपला काढून हातांत घेतल्या.

फराळास झाडाखालीं बसलों आणि अण्णांनीं चिमाजीअप्पांची मोहीम सांगितली. सुरुंग पेरून बुरूज कसे उडविले, खिंडारावर मराठे कसे पुनःपुन्हां चालून गेले; “किल्ला हातीं येत नसेल तर माझें शिर तरी तोफेनें आंत उडवा,” असें अप्पा म्हणाल्याची आख्यायिकाही झाली. मे १७३९ मध्यें किल्ला पडला. शरण आलेल्या पोर्तुगीजांस शस्त्रांनिशीं, निशाणें घेऊन, बायकामुलांसह सुखरूप जाऊं दिलें. नाशिकची नारोशंकराची घंटा येथूनच गेली असें म्हणतात, हें ऐकतांच ती पाहिलेल्या मुलांचे डोळे लकाकले. अण्णांनीं समाधानानें दशमीचा तुकडा मोडला.

“मग पुढें काय झालें?” थोरली म्हणाली.

“पुढें काय? वसई आपली झाली.”

“पण मग इंग्रज कसे आले?”

अण्णा गप्प झाले. त्यांची कथा नेहमीं १७३९ लाच संपते, हें आम्हांस ठाऊक होतें. पेशवाईचें नांव निघालें कीं त्यांचा ऊर भरून येतो. मुलांपुढें तिचा पडता काळ काढणें त्यांच्या जिवावर येई. आम्ही मध्यें बोलणार, तोंच त्यांनीं हात वर केला आणि हळू आवाजांत सांगितलें. यशवंतराव होळकरांनीं १८०२ च्या ऑक्टोबरांत पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पळाले आणि इंग्रजांच्या आश्रयानें याच वसईस आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं तह केला: इंग्रजांची तैनाती फौज बाळगावी आणि तिच्या खर्चासाठीं २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा. सोळा वर्षांत पेशवाई बुडाली.

“आपणच आपसांत भांडलों म्हणून?” मधल्यानें विचारलें.

“होय.”

“चिमाजीअप्पा रागावले नाहींत?” हा धाकटा.

“ते १७४० सालींच वारले होते, बाळ.”

“बरें झालें,” धाकटा म्हणाला. अण्णांनीं उपरण्यानें डोळे टिपले.

जाणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. थंडीचे दिवस पाहून सकाळींच जावें, आणि मनोऱ्यांतील काळोख्या गोल जिन्यांत लहानांचा हात सोडूं नये.

येतांना वसईचीं सुकेळीं घेतलीं. सायंकाळीं गाडी पुन्हां खाडीवर आली. धाकटा आमच्या मांडीवर झोपला होता, थोरली खिडकींतून बाहेर पाहत होती. यावेळीं तिनें कांहीं विचारलें नव्हतें, अण्णा आपण होऊनच म्हणाले, “ही साष्टी आपल्याकडे पुरीं चाळीस वर्षेंही राहिली नाहीं. १७७४ सालीं इंग्रजांनीं घेतली. कशी, तें सांगतों, ऐक.”