पेपरात लिहिणारा माणूस प्रजेचा पुढारी कसा झाला? भाई माधवराव बागलांची गोष्ट

कोल्हापूर : कामानिमित्त शहरात गेलं की बिंदू चौक लागतोच. तिथले महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे सगळ्यांनी बघितलेत. ते बसवण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या भाई माधवराव बागलांचं नाव मात्र नव्या पोरांना फारसं माहीत नाही.

घरातच वर्तमानपत्र

माधवरावांचा जन्म २८ मे १८९५ चा, कोल्हापूरचा. वडील खंडेराव बागल वकील आणि सत्यशोधक चळवळीतले. ते 'हंटर' नावाचं पत्र चालवायचे. माधवराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. हातात ब्रश होता, पण घरात पेपर होता. ते 'हंटर'मधून लिहायला लागले आणि पुढं 'अखंड भारत' हे साप्ताहिकही त्यांनी चालवलं.

त्या वेळी लिहिणं सोपं का नव्हतं?

कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. कारभार दरबारचा. आजच्यासारखा गावोगाव मतदान करून आमदार निवडायचा प्रकार नव्हता. त्यामुळं शेतकऱ्यानं गाऱ्हाणं मांडायचं कुठं, हाच प्रश्न होता. पेपर ही त्यातली एक जागा.

मोठं गाऱ्हाणं होतं शेतसाऱ्याचं. सारा म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि शेतमालाचे भाव पडले. माल निम्म्या भावानं गेला तरी सारा काही त्या हिशेबानं उतरत नव्हता. मग शेतकऱ्यानं सावकाराचं दार धरायचं. 'सारा कमी करा' ही मागणी त्यातून आली आणि माधवराव तिच्या पुढं उभे राहिले.

जयसिंगपूरची सभा

नुसतं लिहून भागत नाही म्हटल्यावर संघटना लागते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी शिरोळ तालुक्यातल्या जयसिंगपुरात प्रजा परिषद उभी राहिली. माधवराव तिचे अध्यक्ष. निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार हेही या चळवळीतले बिनीचे कार्यकर्ते. सारा कमी व्हावा आणि कारभार लोकांना जबाबदार असावा, असं परिषदेचं म्हणणं. या लढ्यात माधवरावांना तुरुंगातही जावं लागलं. शेवटी १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि इथल्या शेतकऱ्याच्याही हातात मत आलं.

हयातीतला पुतळा

दलितांना मंदिर प्रवेश मिळावा म्हणूनही माधवराव झगडले. ९ डिसेंबर १९५० ला बिंदू चौकात दोन्ही पुतळे बसले. तेव्हा बाबासाहेब हयात होते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही माधवराव उतरले. ६ मार्च १९८६ ला त्यांचं निधन झालं.

आजही पत्रकार राजकारणात जातात आणि लोक विचारतात, हा खुर्चीसाठी गेला का? माधवरावांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. पेपरात जो सारा त्यांनी मांडला, तोच घेऊन ते सभेत गेले आणि त्याच्याचपायी तुरुंगात. माणूस बदलला का ते बघायचं असेल, तर त्याचा प्रश्न बदलला का तेवढं बघावं.