खिडकी बदलायची की दुरुस्त करायची?

वर्षातून दोनदा घरोघरी खिडक्यांचा विषय हमखास निघतो. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. झडप नीट लागत नाही, पाणी आत येतं, काच धुरकट झाली, जाळी फाटली. मग कुणीतरी सांगतं, "आता सगळ्या खिडक्याच बदलून टाका." सहा-आठ खिडक्यांच्या घरात हा खर्च लहान नसतो. तो उसाच्या बिलातून, दुधाच्या पगारातून किंवा बचत गटाच्या कर्जातून काढावा लागतो. म्हणून खिडकी खरोखर कधी बदलायची आणि कधी नुसत्या दुरुस्तीवर भागतं, ते आज समजून घेऊ.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. खिडकी आपल्याला एक वस्तू वाटते, पण ती अनेक भागांची मिळून बनते. भिंतीत बसवलेली चौकट, उघडणारी झडप, काच, बिजागऱ्या-कड्या किंवा चाकं, काच धरून ठेवणारं रबर किंवा लांबी, आणि डासांची जाळी. यातली चौकट सोडली तर बाकीचं सगळं बहुतेक वेळा वेगळं बदलता येतं. म्हणून आपला साधा नियम असा: चौकट गेली तर खिडकी गेली. चौकट शाबूत असेल तर आधी दुरुस्तीचा विचार करायचा.

हवा जशी, तशी खिडकीची दुखणी

आपला अहिल्यानगर जिल्हा मोठा आहे आणि त्याची हवा एकसारखी नाही. अकोल्याच्या पश्चिमेला भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात पाऊस कोसळतो. तिथे लाकूड फुगतं, कुजतं, लोखंडाला गंज चढतो. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे पाऊस कमी, पण ऊन आणि धूळ भरपूर. तिथे रबर कडक होऊन तडकतं आणि सरकत्या खिडकीची पन्हळ मातीने भरते. प्रवरेच्या बागायती पट्ट्यात जमिनीला ओल असते, त्यामुळे वाळवीवर नजर ठेवावी लागते. शेजारच्या तालुक्यातल्या बहिणीने खिडक्या बदलल्या म्हणून आपल्याही बदलायला हव्यात असं नाही, ते यामुळेच.

लाकडी खिडकी

लाकडी खिडकी तपासायला एक दाभण पुरे. चौकटीचं खालचं आडवं लाकूड आणि दोन्ही खालचे कोपरे, इथे पाणी साचतं आणि इथूनच कूज सुरू होते. तिथे दाभण टोचून बघा. टोक जेमतेम रुतलं तर लाकूड चांगलं आहे. मऊ भाकरीत जावं तसं आत गेलं, तर लाकूड आतून गेलेलं आहे. बोटाच्या पेराने ठोकून आवाजही ऐका. पोकळ आवाज आला आणि भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. अशा वेळी नुसती चौकट बदलून उपयोग नाही. आधी वाळवीचा बंदोबस्त करायचा, नाहीतर तीच वाळवी नव्या लाकडात शिरते.

कूज फक्त एका कोपऱ्यात असेल तर चांगला सुतार तेवढाच तुकडा कापून नवा सांधतो. दोन्ही खालचे कोपरे आणि उभी लाकडंही गेली असतील, तर मात्र चौकट बदला.

पावसाळ्यात झडप घट्ट झाली की लगेच रंधा मारून घेऊ नका. लाकूड ओलाव्याने फुगलेलं असतं, थंडीत ते आकसतं. श्रावणात रंधलेल्या झडपेची पौषात फट पडते आणि गार वारा आत येतो. आश्विनापर्यंत थांबा. तेव्हाही अडकत असेल तर रंधा मारा आणि उघड्या पडलेल्या कडेला तेल किंवा रंग लावा.

जुन्या वाड्यातली सागवानी चौकट असेल तर ती भंगाराच्या भावाने देऊन टाकू नका. असं मुरलेलं लाकूड आज विकत घ्यायला गेलं तर महाग पडतं.

लोखंडी खिडकी

वरवरचा गंज हे खिडकी बदलण्याचं कारण नाही. तो पॉलिश पेपरने खरवडायचा, रेड ऑक्साइड लावायचं, वर ऑइलपेंट. पण गंजाचे पापुद्रे सुटत असतील, पट्टीला भोक पडलं असेल किंवा गंज फुगून कडेचं प्लास्टर फुटलं असेल, तर लोखंड आतून खाल्लं गेलंय. खालची एखादी पट्टी गेली असेल तर वेल्डर ती बदलून देतो. चारही बाजूंनी तीच अवस्था असेल तर नवी खिडकी घ्या. गज हलवूनही बघा. भिंतीत सैल झालेला गज धोक्याचा. त्याच्यावर लहान मुलं चढतात आणि चोरालाही तोच सोयीचा.

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी

नव्या घरांत आता हीच जास्त दिसते. हिच्याबद्दलची मोठी तक्रार म्हणजे पावसात पाणी आत येतं. ही तक्रार पुष्कळदा एका जुन्या टूथब्रशने मिटते. खालच्या पन्हळीला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. ती धूळमातीने बुजली की पन्हळ भरते आणि पाणी घरात सांडतं. भोकं मोकळी करा आणि पन्हळीत तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी बाहेर गेलं तर खिडकी ठीक आहे. खिडकी ओढायला जड जात असेल तर चाकं झिजलेली असतात, ती बदलून मिळतात. खडखडत असेल तर कडेची केसाळ पट्टी किंवा रबर गेलेलं असतं, तेही बदलता येतं.

फट कुठे आहे ते शोधायचं असेल तर पंखा बंद करून, दारं लावून, पेटलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. पडदा बाजूला बांधून ठेवा. धूर जिथे एकदम वाकतो तिथे फट. मिस्त्रीला बोलावण्याआधी त्या जागी खडूने खूण करून ठेवा, म्हणजे तेवढंच काम सांगता येतं.

दोन काचांची खिडकी

हमरस्त्याकाठच्या घरांत ट्रकचा आवाज आणि उन्हाची झळ कमी व्हावी म्हणून काहीजण डबल काचेच्या खिडक्या बसवतात. परदेशी, थंड मुलखात राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांच्या घरी तर त्याच असतात. दोन काचांमध्ये साधारण १२ मिलीमीटरची बंद पोकळी असते. तिच्या कडेने बसवलेल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. नव्या बुटांच्या खोक्यात जी पुडी निघते, तिच्यातल्या दाण्यांसारखेच. ही पोकळी उष्णता लवकर पलीकडे जाऊ देत नाही. एका काचेतून जितकी उष्णता जाते, त्याच्या सुमारे निम्मी साध्या दुहेरी काचेतून जाते.

थंडीच्या सकाळी अशा काचेवर धुकं दिसलं तर घाबरू नका, बोट फिरवून बघा. आतल्या बाजूने पुसलं गेलं, तर ती घरातली वाफ आहे. स्वयंपाकाची, आंघोळीची किंवा घरात वाळत घातलेल्या कपड्यांची. खिडकी थोडी उघडा, वाफ जाईल. बाहेरच्या बाजूने पुसलं गेलं, तर ते दव आहे, उन्हाबरोबर जाईल. दोन्ही बाजूंनी पुसूनही गेलं नाही, तर ओल दोन काचांच्या मध्ये शिरली आहे. कडेची बंदिस्ती फुटली आणि दाणे भिजले, असा त्याचा अर्थ.

पण हीदेखील पूर्ण खिडकी बदलण्याची वेळ नाही. चौकट सरळ आणि घट्ट असेल तर काचांची तेवढी जोडी बदलून मिळते. ती जागेवर कापून बसवता येत नाही, मापाप्रमाणे तयार करून आणावी लागते, म्हणून माप दोनदा घ्यायला सांगा. "काच उघडून पुसतो आणि सिलिकॉन लावून देतो" असं कुणी म्हणालं तर त्यात पैसे घालवू नका. दाणे ओलेच राहतात आणि धुकं परत येतं. धुरकट काच दिसायला वाईट, पण धोक्याची नाही. हातात पैसे येईपर्यंत थांबलं तरी चालतं.

ट्रकचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागला असेल, तर काचेआधी रबर आणि कडी तपासा. आवाज फटीतून येतो.

आणि उन्हाचं म्हणाल, तर साधी दुहेरी काच थेट ऊन अडवत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारनंतर तिरपं ऊन येतं, ते छज्जाखालूनही आत शिरतं. तिथे बाहेरून सोडलेली बांबूची चटई किंवा शेडनेट आतल्या जाड पडद्यापेक्षा जास्त गुण देते, कारण ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. शिवाय उन्हाळ्यात वरची खोली तापते ती पुष्कळशी स्लॅबमुळे. खिडक्यांवर मोठा खर्च करण्याआधी गच्चीला पांढरा रंग देऊन बघा.

दुखणं भिंतीचं आहे का?

श्रीरामपूर, नेवासे, राहुरीकडच्या काळ्या जमिनीवर घर असेल तर हे जरूर बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतही हलते आणि खिडकीची चौकट वाकडी होते. एक सुतळी घ्या. चौकटीच्या एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत माप घ्या, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचं. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. फरक पडला, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी भेग निघाली असेल, तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. काही महिन्यांनी भेग खुणेपुढे गेलेली दिसली किंवा रुंद झाली, तर खिडकीवाल्याला नको, इंजिनिअरला बोलवा. हलत्या भिंतीत नवी खिडकी बसवली तर तीही अडकणारच.

इथे मात्र थांबू नका

काही गोष्टी पैशांसाठी पुढे ढकलायच्या नसतात. तडकलेली काच, सैल झालेला गज, हातात येणारी झडप, आणि उघडतच नाही अशी स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची खिडकी. चुलीचा धूर सगळ्यात जास्त बाईच्या आणि तिच्याजवळ बसलेल्या लेकरांच्या छातीत जातो. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर धोका आणखी मोठा. हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होतो. असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून नवी घट्ट खिडकी बसवताना न्हाणीघरातला झरोका कधीही बुजवू देऊ नका. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असणं सगळ्यात चांगलं.

फाटलेल्या जाळीचंही तसंच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त संध्याकाळी खिडक्या लावून भागत नाही. जाळी स्वस्तात बदलून मिळते, ती आधी बदला. आणि सगळ्या खिडक्यांना ग्रिल असेल तर निदान एका खोलीतलं ग्रिल आतून उघडणारं ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. त्याची किल्ली कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.

बदलायचीच ठरली तर

निदान दोन ठिकाणांहून अंदाज घ्या, तोही कागदावर. काचेची जाडी किती, अ‍ॅल्युमिनियमचं सेक्शन कोणतं, जाळी आणि ग्रिल धरून दर आहे का, जुनी चौकट काढण्याची मजुरी कुणाकडे, फुटलेलं प्लास्टर कोण भरणार, हमी किती वर्षांची, हे सगळं त्यात लिहून घ्या. नुसता चौरस फुटाचा दर ऐकून होकार देऊ नका. जमिनीपर्यंत येणाऱ्या मोठ्या खिडकीला टफन काच मागा. ती फुटली तर तिचे लहान बोथट तुकडे होतात. मात्र एकदा तयार झाली की ती कापता येत नाही, तेव्हा माप पक्कं हवं. माप चैत्रातच घ्या, म्हणजे मृगाच्या आत काम उरकतं. सगळ्या खिडक्या एकदम बदलायला हव्यात असंही नाही. पावसाच्या माऱ्याची बाजू आधी, बाकीच्या सवडीने.

हा निर्णय घेताना घरातल्या बाईचं म्हणणं विचारात घ्यायलाच हवं. कोणती झडप अडकते, पाणी कुठून येतं, धूर कुठे कोंडतो, हे तिला रोज दिसतं. या आठवड्यात सवड काढून एक दाभण, एक सुतळी, एक उदबत्ती आणि तांब्याभर पाणी घेऊन घरातली प्रत्येक खिडकी तपासा. वहीत तीन रकाने करा: लगेच, यंदा, आणि पुढे कधीतरी. मिस्त्री घरी आला की ती वही त्याच्यासमोर ठेवा.