स्वयंपाकघर बंद असताना : काही अनुभव, काही सूचना

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी अनेकांची घरे तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतींत आहेत. त्या वेळी भिंतीत गाडलेले लोखंडी नळ आता आतून गंजले आहेत, मोरीखालचा थर निकामी झाला आहे आणि एकाच्या घरातील सांडपाणी दुसऱ्याच्या छतातून डोकावू लागले आहे. आज ना उद्या बहुतेकांना स्वयंपाकघर फोडावे लागणार आहे. खर्च किती येईल, लाद्या कोणत्या घ्याव्यात, ओटा ग्रॅनाइटचा की कडप्प्याचा, यावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होते. परंतु ते काम चालू असताना घरातल्या माणसांनी शिजवायचे कुठे, खायचे काय आणि भांडी घासायची कुठे, याविषयी कोणी बोलत नाही. आमच्या घरीही कोणी बोलले नव्हते. त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली, म्हणून हा लेखनप्रपंच.

खालच्या मजल्यावरील काकूंच्या छताला दोन पावसाळे ओल येत होती. त्यावरून आमची त्यांच्याशी थोडी बोलाचालीही झाली होती. अखेर २०२५ च्या एप्रिलमध्ये, १४ एप्रिलची जयंती आटोपली की कामाला हात घालायचा असे ठरले. मिस्त्रीने एकवीस दिवसांचा वायदा केला. म्हणजे १२ मे रोजी बुद्धपौर्णिमेची खीर नव्या ओट्यावर होणार, असा आमचा हिशेब. प्रत्यक्षात पंचेचाळीस दिवस लागले. भिंत फोडल्यावर नळ अपेक्षेपेक्षा पुढपर्यंत कुजलेला निघाला, जलरोधक थर दिल्यावर पाणी साठवून ठेवून गळती तपासावी लागली आणि मध्येच गवंडी लग्नासाठी गावी गेला. यात नवल काही नाही. मिस्त्री जितके दिवस सांगेल त्याच्या दुप्पट दिवसांची सोय आधीच करून ठेवावी, ही आमची पहिली सूचना.

आम्ही उभयता नोकरी करणारे. घरात मधुमेह असलेली आई, पदवीच्या शेवटच्या सत्राची परीक्षा देणारी मुलगी आणि शाळकरी मुलगा. आम्ही तयारी काय केली, तर एका पोळीभाजी केंद्राला रात्रीचा डबा लावला, सकाळच्या चहासाठी विजेची किटली आणली, डबे-बरण्या खोक्यांत भरून गॅलरीत रचल्या. आई म्हणाली, "अरे, तीन दगड आणा, मी करते चूल." आम्ही हसलो. गावी शेतावर तीन दगडांवर तिने माणसे जेवू घातली होती. तिसऱ्या मजल्यावर ते कसे होणार?

चौथ्या दिवशी हसणे संपले. आईला डॉक्टरांनी इन्शुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितले आहे. डबा आठ वाजता येत असे, म्हणून तिने सवयीप्रमाणे साडेसातला सुई टोचून घेतली. त्या रात्री डबेवाला मुलगा वाटेत अडकला. पावणेनऊ झाले तरी डबा नाही. आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. रक्तातील साखर उतरली हे आमच्या लक्षात आले. पण घरातली साखर कुठे? एरवी दिवे गेले तरी पत्नीचा हात अंधारात साखरेच्या डब्यावर बरोबर पडतो. आता तो डबा गॅलरीतल्या अकरा खोक्यांपैकी कोणत्या खोक्यात आहे, हे तिलाही सांगता येईना. मुलगा धावत खाली गेला आणि ज्या काकूंशी आमचा वाद झाला होता त्यांच्याकडून वाटीभर साखर घेऊन आला. साखरपाणी पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आई सावरली.

म्हणून ज्यांच्या घरी इन्शुलिन घेणारे माणूस आहे त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. काम चालू असताना ताट डोळ्यांसमोर आल्याशिवाय सुई घेऊ नये; त्यासाठी वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. साखर, बिस्किटे आणि साखर मोजण्याचे यंत्र एका पिशवीत घालून ती पिशवी सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीला टांगावी. साखर उतरल्यास लहान तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी तपासावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी आणि मग जेवण द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

त्या रात्रीनंतर आम्हाला कळले की स्वयंपाकघर म्हणजे नुसती चूल नव्हे. कोणती वस्तू कुठे आहे याची घरातल्या बाईने वर्षानुवर्षे जपलेली ती आठवण असते. खोकी भरताना ती आठवण आम्ही मोडून टाकली होती. दुसऱ्या दिवशी सगळी खोकी उघडून प्रत्येकावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिले. रोज लागणारे मीठ, मिरची, हळद, तेल, डाळ, तांदूळ, चहा, साखर एका वेगळ्या पेटीत घातले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

विनयपिटकातील महावग्गात याला जवळची एक कथा आहे. राजगृहात तथागतांना पोटातील वाताचा त्रास झाला, तेव्हा आनंदांनी तीळ, तांदूळ आणि मूग मिळवून स्वतःच आत पेज शिजवली. तथागतांनी ती घेतली नाही. आत साठवलेले, आत शिजवलेले आणि स्वतः शिजवलेले अन्न भिक्खूंनी घेऊ नये असा नियम झाला. पुढे टंचाईच्या दिवसांत बाहेर ठेवलेले अन्न भिक्खूंपर्यंत पुरेसे पोहोचेना, तेव्हा ही मनाई उठवण्यात आली; वैशालीत सुकाळ दिसल्यावर ती पुन्हा घालण्यात आली. तरीही अन्न ठेवण्या-शिजवण्यासाठी विहाराच्या कडेला एक जागा ठरवून देण्याची मुभा द्यावी लागली. तिला कप्पियभूमी म्हणतात. भिक्खू स्वयंपाकघराशिवाय राहू शकतात, कारण कुठल्यातरी उपासकाच्या घरी चूल पेटलेली असते. गृहस्थाचे तसे नाही. त्याने स्वतःच्या घरातच कप्पियभूमी शोधून ठेवली पाहिजे.

आम्ही ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी शोधली. गॅसविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या बाबतीत लोक फार बेफिकीर असतात. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, जमिनीलगत साचतो. आतल्या खोलीत लाद्या कापण्याचे यंत्र ठिणग्या उडवत असताना बाहेरच्या खोलीत गॅस गळणे म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हणून आम्ही सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी कारागीर गेल्यावरच शेगडी पेटवायची असा नियम केला. मधल्या वेळेत रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर टेबलावर असावी, रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, तिला मध्ये जोड नसावा आणि पाच वर्षांनी ती बदलावी. बंद गॅलरीत किंवा कपाटात सिलिंडर ठेवू नये. वाऱ्याने ज्योत विझून गॅस तसाच सुटू शकतो, तेव्हा खिडकीशी शेगडी असेल तर जवळ माणूस हवेच. वास आला तर विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांनी नळी हलवण्याचे काम मिस्त्रीला सांगू नये, कंपनीच्याच माणसाकडून करून घ्यावे.

दुपारसाठी इंडक्शन शेगडी आणली. तेथेही एक चूक झाली. ती २००० वॅटची. विद्यार्थ्यांनी सोपा हिशेब करून पाहावा : २००० भागिले २३० म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. पंख्या-दिव्याच्या बोर्डावरील लहान सॉकेट सहा अँपिअरचे, त्यातून फार तर १३८० वॅट घ्यावेत. आम्ही ती लांब वायरच्या साध्या बोर्डावर लावली आणि तिसऱ्या दिवशी पिन काळी पडून प्लॅस्टिक वितळले. पुढे कपडे धुण्याच्या यंत्राच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर ती सरळ लावली, कपडे रविवारी. अॅल्युमिनियमचा कुकर या शेगडीवर तापत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर ते चालते, ही साधी पारख दुकानात जाण्यापूर्वी घरीच करावी.

पण खरी अडचण विस्तवाची नव्हे, भांड्यांची. शिजवायला शेजारी आहेत, डबा आहे, शेगडी आहे. खरकटी भांडी मात्र कोणी घेत नाही. आम्ही ती न्हाणीघरात घासू लागलो आणि आठवड्यात तिथली जाळी शितांनी आणि तेलाने तुंबली. मग दोन घमेली आणि एक बादली अशी रचना केली. आधी जुन्या वर्तमानपत्राने ताटे पुसून कागद कचऱ्यात, पहिल्या घमेल्यात घासणे, दुसऱ्यात विसळणे, बादलीतल्या स्वच्छ पाण्याने शेवटचा हात. घासलेले पाणी गाळूनच ओतायचे. प्रत्येकी एक ताट, एक वाटी, एक पेला बाहेर ठेवून बाकी भांडी बांधून टाकली. पाच ताटे घासायला लागतात ती दहा मिनिटे. पंधरा ताटे बाहेर असली की पंधराही खरकटी होतात.

खाण्याचे म्हणाल तर एका कुकरमध्ये तीन डबे लावून वरण, भात आणि बटाटे एकदम होतात. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचे, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर यांना विस्तव लागत नाही. दडपे पोहे होतात. सुकटीची चटणी करून ठेवली तर दोन दिवस जेवणाला चव राहते. मे महिन्याच्या उकाड्यात शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये. त्यात वाढणारे काही जंतू असे विष सोडतात की ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. लाद्या कापताना उडणारी धूळ बारीक आणि घातक असते. तेव्हा पाणी आणि पीठ झाकूनच ठेवावे, दाराला ओले कापड लावावे.

बाहेरच्या जेवणाला नाके मुरडणारेही भेटले. त्यांनी गिरणगाव आठवावा. चाळीच्या खोल्यांत एकटे राहणारे हजारो गिरणीकामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचे जेवून जगले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या प्रयोगाचे अप्रूप अधिक. आमच्या डब्याचे केंद्रही चार बायकाच चालवतात. उशीर झाला त्या रात्री आम्ही त्यांच्यावर चिडलो. पण सुई कधी घ्यायची हे त्यांच्या हातात नव्हते, आमच्या हातात होते.

मुलीच्या अभ्यासाचे हाल झाले. एकाच खोलीत शेगडी, फ्रीज, आईची खाट आणि तिची पुस्तके. धनंजय कीर यांच्या चरित्रात परळच्या एका खोलीचे वर्णन आहे : तीच स्वयंपाकाची, तीच झोपण्याची, तीच अभ्यासाची. बाबासाहेबांनी लवकर झोपायचे आणि रात्री दोनला वडिलांनी त्यांना उठवायचे, अशी तिथली तोड होती. ही कथा सांगून आपल्या मुलांनीही गोंगाटात अभ्यास करावा असे म्हणणे सोपे आहे. आम्हीही एकदा म्हणालो आणि मुलीने आमच्याकडे जे पाहिले ते अजून आठवते. दुसऱ्या दिवशी तिची विहाराच्या अभ्यासिकेत सोय केली. तिचा डबाही तिकडेच जाऊ लागला.

आता थोडे आमच्याविषयी. पहिले दहा दिवस पत्नी पहाटे साडेचारला उठत होती, कारण नऊच्या आत सगळे उरकायचे. आम्ही सहाला उठून चहा मागत होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाचा मेळ घालणाऱ्या माणसाला घरातला हा मेळ दिसला नाही. मुलीने एक कागद कपाटाला चिकटवला : पाणी भरणे, कुकर, भांडी, कचरा, आजीचे ताट, पुढे नाव आणि वार. भांड्यांपुढे सोमवार, बुधवार, शुक्रवार आमचे नाव होते. तीन-चार दिवसांत कंबर धरली. एवढे दिवस ती कोणाची धरत होती, हा प्रश्न आईने सर्वांसमोर विचारला.

बुद्धपौर्णिमेला ओटा झालेला नव्हता. लाद्यांवर नुकताच सिमेंटचा हात फिरला होता, पाय ठेवायची सोय नव्हती. खालच्या काकू सकाळीच वर आल्या आणि म्हणाल्या, "पातेलं घेऊन खाली या, गॅस मोकळा आहे." पाच लिटर दुधाची खीर त्यांच्या ओट्यावर झाली. खीर ढवळताना वर पाहिले तर ओलीचा पिवळट डाग बरोबर डोक्यावर होता. दोन वर्षे आम्ही तो फक्त त्यांच्या तक्रारीत ऐकला होता.

राहिलेली एक सूचना. भिंत बुजवण्यापूर्वी आतील सर्व नळांची छायाचित्रे काढून ठेवावीत, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा ठोकायचा झाला किंवा गळती शोधायची झाली तर भिंत आंधळेपणाने फोडावी लागत नाही. सिंकखाली स्वतंत्र चावी बसवून घ्यावी, म्हणजे दुरुस्तीसाठी साऱ्या घराचे पाणी बंद करावे लागणार नाही. आमच्या छायाचित्रांचा एक संच इमारतीच्या फायलीत लावला आहे. त्याच रांगेतील दोन कुटुंबांनी तो पाहण्यासाठी नेला होता. ऑगस्टमधील मोठ्या पावसानंतर काकूंच्या छताला हात लावून पाहिला. ते कोरडे होते, पण रंग दिवाळीपर्यंत देऊ नये असे प्लंबरने सांगितल्यामुळे डाग तसाच ठेवला.