आज भात, उद्या नाही : ‘कार्ब सायकलिंग’चा हिशेब

सकाळी पोहे, दुपारी भात आणि रात्री तांदळाची भाकरी, असा दिवस पेणमध्ये कोणालाही वेगळा वाटत नाही. पेण-रोहे हा भातशेतीचा आणि पोह्यांच्या गिरण्यांचा मुलूख. इथे कोणी वजन कमी करण्यासाठी ‘आजपासून भात बंद’ असे जाहीर केले, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘मग जेवणार काय?’ त्यामुळे ‘रोज बंद नको, काही दिवस कमी आणि काही दिवस नेहमीप्रमाणे’ असे सांगणारी आहारपद्धत अनेकांना सोयीची वाटते. व्यायामशाळांमधून आणि मोबाइलवरून पसरलेल्या या पद्धतीचे नाव आहे ‘कार्ब सायकलिंग’.

यात आठवड्यातील काही दिवस कर्बोदके, म्हणजे भात, भाकरी, पोहे, साखर, बटाटा हे पदार्थ बरेच कमी केले जातात. उरलेल्या दिवशी, विशेषतः भरपूर व्यायाम किंवा अंगमेहनत असेल तेव्हा, ते पुन्हा घेतले जातात. कमी म्हणजे नेमके किती, याची सर्वमान्य व्याख्या नाही. मुळात ही पद्धत खेळाडू आणि शरीरसौष्ठवपटूंची. दिवसाचे काम जितके, तितके इंधन, हे तिचे सूत्र.

ताटातला आकडा

शिजलेल्या भाताच्या एका वाटीत (सुमारे 150 ग्रॅम) साधारण 40 ग्रॅम कर्बोदके असतात. साठ ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या भाकरीत ती 45 ते 50 ग्रॅम असतात आणि बशीभर पोह्यांतही जवळपास तितकीच. पोहे, दोन भाकऱ्या, तीन वाट्या भात आणि दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा एवढे झाले, की आकडा 300 ग्रॅमच्या आसपास जातो. एक ग्रॅम कर्बोदकातून चार कॅलरी मिळतात. म्हणजे 1200 कॅलरी केवळ यातून येतात. तेल, डाळ, मासळी वेगळी.

भाताच्या लावणीला दिवसभर चिखलात वाकून काम करणाऱ्याला हे इंधन लागतेच. पण तेच ताट आता कार्यालयातल्या खुर्चीवर, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा गणेशमूर्तींच्या कारखान्यात तासन्‌तास एका जागी बसून रंगकाम करणाऱ्याच्याही पुढे येते. काम बदलले, ताट मात्र तेच राहिले.

हा प्रश्न एकट्या पेणचा नाही. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत 18 हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांना सुमारे 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून मिळतात, असे त्यात आढळले. पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातला थोडा वाटा प्रथिनांना दिल्यावर मात्र धोका कमी असल्याचे दिसले. थोडक्यात, तीन भाकऱ्या तांदळाऐवजी नाचणीच्या केल्या म्हणून हिशेब फारसा बदलत नाही.

बारीक माणसाची चरबी

‘मी तर बारीक आहे, मला काय करायचे?’ हा प्रश्नही तपासून पाहायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होती. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असूनही आत चरबी बाळगते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. म्हणूनच भारतीयांसाठी पोटाचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे धोक्याचे मानले जाते. वजनकाट्याबरोबर घरातली मोजपट्टीही वापरायला हवी.

चरबी खरेच घटते का?

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरले, की उत्साह वाढतो. ती बहुतांशी चरबी नसते. यकृत आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके कमी झाली, की हा साठा वापरला जातो आणि पाणीही जाते. भाताच्या दिवशी ते परत येते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी काटा वर गेला म्हणून घाबरू नये आणि आदल्या दिवशी खाली आला म्हणून हुरळूनही जाऊ नये.

वर्षभर चाललेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 609 प्रौढांपैकी काहींना कमी कर्बोदकांचा, तर काहींना कमी स्निग्ध पदार्थांचा आहार दिला गेला. अखेरीस वजन सरासरी अनुक्रमे 6.0 आणि 5.3 किलो घटले. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. ब्रिटनमध्ये 115 स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस कर्बोदके आणि कॅलरी कमी करणाऱ्यांची चरबी रोज थोडे कमी खाणाऱ्यांपेक्षा काहीशी जास्त घटली. मात्र हा प्रयोग काही महिन्यांचाच होता.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. चक्रात जादू नाही, आठवड्याची बेरीज महत्त्वाची. तीन दिवस रोज 500 कॅलरी वाचवल्या आणि उरलेले चार दिवस ‘आज सूट आहे’ म्हणत 500 जास्त खाल्ल्या, तर वजन वाढेल. काहींना रोजच्या बंधनापेक्षा दोन-तीन दिवसांचे बंधन पाळणे सोपे जाते. या पद्धतीचा खरा फायदा तेवढाच.

गोळ्या चालू असतील तर

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांसाठी मात्र हा केवळ वजनाचा विषय नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या ताटात भात आहे की नाही हे पाहत नाहीत. भात वगळला आणि गोळी नेहमीचीच घेतली, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडावाटे काहीही न देता लगेच रुग्णालयात न्यावे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांचा धोका वेगळा आहे. कर्बोदके फार कमी केल्यास रक्तात कीटोन आम्ल साचू शकते आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला दिसेलच असे नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसली, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. एक गोष्ट दोन्ही प्रकारांत सारखीच : आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगायचे, आणि औषध मनाने कमी किंवा बंद करायचे नाही.

गर्भवती आणि स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि खाण्याशी निगडित मानसिक त्रास झालेल्या व्यक्तींनी हा प्रयोग स्वतःहून करू नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी भाताची जागा खारवलेल्या सुक्या मासळीने भरू नये, त्यात मीठ भरपूर असते. तूप, लोणी, मटण वाढवले तर वाईट कोलेस्टेरॉल वाढू शकते.

इथल्याच ताटातून

कमी कर्बोदकांच्या दिवसासाठी महागड्या पावडरींची गरज नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी एक भाकरी, जिताडा किंवा मांदेलीचे कालवण, कोशिंबीर आणि पालेभाजी, रात्री वालाचे बिरडे, भाजी आणि ताक, मधल्या वेळी पेरू. एवढ्यात कर्बोदके 100 ग्रॅमच्या आसपास राहतात आणि पोटही भरते. वालात कर्बोदके असली, तरी सोबत प्रथिने आणि तंतुमय पदार्थही असतात. चहातली साखर कमी करणे हा बदल तर सातही दिवस करता येतो.

भाताचा दिवस आला, की भात खावा, पण वाटीने मोजून. शक्यतो तो दिवस शेतातल्या कामाचा, लांब चालण्याचा किंवा व्यायामाचा ठेवावा. तीन महिन्यांनी पोटाचा घेर मोजावा आणि साखर, कोलेस्टेरॉलची तपासणी करून घ्यावी. घेर कमी झाला असेल आणि घरातल्यांबरोबर बसून जेवणेही चालू असेल, तर ही पद्धत त्या घराला मानवली असे समजायला हरकत नाही.