रक्तपेशींची गणना आणि श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार भरते आणि जाम नदीच्या दोन्ही तीरांवर अलोट गर्दी लोटते. आपल्या देशात इन्फ्लुएंझाची एक लाट जानेवारी ते मार्च या काळात, तर दुसरी पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस येते. गोटमारीचा दिवस या दुसऱ्या लाटेतच पडतो. अशा दिवसांत ताप-खोकल्याचा रुग्ण समोर आला असता घशातील स्रावाचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागल्यास अहवाल उशिरा मिळतो. सी.बी.सी.चा अहवाल मात्र पांढुर्णा-सौंसरसारख्या गावीही त्याच दिवशी हाती येऊ शकतो. त्यातून काय उमगते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

विषाणुसंसर्गाच्या आरंभीच्या दिवसांत रक्तातील लिम्फोसाइट पेशी बहुधा घटतात. काही पेशी लसिकाग्रंथींकडे व फुप्फुसांकडे वळतात, काही नष्ट होतात. आजाराच्या ताणामुळे वाढणारे कॉर्टिसॉलही त्यांची संख्या उतरविते. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये ही घट दिसली. २०२० नंतर कोविडमध्ये तर ती जितकी अधिक, तितका आजार गंभीर, असा अनुभव जगभर आला.

तथापि अहवालातील टक्केवारी येथे फसवी असते. एकूण पांढऱ्या पेशी ३,००० आणि लिम्फोसाइट २८ टक्के असतील, तर टक्केवारी निर्दोष भासते. प्रत्यक्ष संख्या मात्र ८४०, म्हणजे प्रौढांच्या १,००० या साधारण किमान मर्यादेहून कमी भरते. उलटपक्षी एकूण पेशी १२,००० व लिम्फोसाइट १५ टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या १,८०० होते. येथे लिम्फोसाइट घटलेले नसून न्यूट्रोफिल वाढलेले असतात आणि जिवाणुसंसर्गाची शंका बळावते. हा गुणाकार करण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. तरीही टक्के वाचून कागद बाजूला ठेवण्याची सवय आपल्यात फार जुनी आहे.

अर्थात ही गणना निदान नव्हे. त्याच ऋतूतील डेंग्यूमध्येही पांढऱ्या पेशी घटतात, सोबत प्लेटलेटही उतरतात. विषमज्वर आणि स्टिरॉइड औषधे हाही घोटाळा करू शकतात. लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच अधिक असतात. डांग्या खोकला तर जिवाणुजन्य असूनही ते कमालीचे वाढवितो. शिवाय गणना सामान्य आली म्हणून इन्फ्लुएंझा नाही, असेही म्हणता येत नाही. गर्भवती, वृद्ध, मधुमेही वा दम लागणारा रुग्ण असेल, तर अहवालासाठी थांबू नये. ऑसेल्टामिविरचा उत्तम लाभ पहिल्या ४८ तासांतच मिळतो.

इतर रुग्णांत मात्र घटलेले लिम्फोसाइट आणि जुळणारी लक्षणे यांच्या आधारे नमुना लगेच पाठविणे, रुग्णाला घरात वेगळे ठेवणे आणि प्रतिजैविके तूर्त हाती न देणे, हे तिन्ही निर्णय पहिल्याच भेटीत घेता येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरलेला ताप पुन्हा चढला, तर शक्यतो त्याच यंत्रावर गणना पुन्हा करावी. तेव्हा न्यूट्रोफिल वाढलेले आढळल्यास विषाणूमागून जिवाणूंचा न्यूमोनिया आला आहे काय, हे छातीचे एक्स-रे चित्र काढून पाहावे. प्रतिजैविकांची वेळ बहुधा तेव्हा येते.