बिलांची पिशवी

घाटकोपरच्या पंतनगरातल्या आमच्या शेजारच्या काकांनी परवा मिठाईच्या दुकानाची एक पिशवी माझ्यासमोर पलंगावर उपडी केली. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर एका कारने त्यांच्या स्कूटरला मागून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं, त्याला चार महिने झाले. पिशवीतून एक्स-रे निघाले, केमिस्टची बिलं निघाली आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांवर काकूंनी लिहिलेला रिक्षाचा हिशेब. थर्मल कागदाची निम्मी बिलं मात्र पांढरीफटक.

"मेडिक्लेमने पैसे दिले की. आता हा कचरा कशाला ठेवायचा?" काका म्हणाले.

अपघातानंतरचा हा सगळ्यात महागडा गैरसमज. मेडिक्लेम हा तुमचा आणि तुमच्या विमा कंपनीचा करार, हप्ते तुम्ही भरलेले. ठोकणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याची जबाबदारी त्याने संपत नाही. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची की नाही, यावर न्यायालयांत दोन मतं होती. म्हणून प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाकडे गेला आणि मार्च 2025 मध्ये उत्तर आलं: वजा करायची नाही. मला ते रास्त वाटतं. हप्ते तुम्ही भरायचे आणि सूट ठोकणाऱ्याच्या कंपनीला, हा कुठला न्याय?

अडचण कागदांची असते. मूळ बिलं मेडिक्लेमवाले ठेवून घेतात आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुरावा लागतो. म्हणून बिलं देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढून तिच्यावर हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्यायचा. डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीने किती रक्कम मंजूर केली त्याचं पत्रही जपायचं. काकूंची ती कॅलेंडरची पानंसुद्धा फेकायची नाहीत, कारण जाण्यायेण्याचा खर्चही मागता येतो.

असे गैरसमज आणखीही आहेत. "आधी पोलीस, मग उपचार" हे अजून ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की डॉक्टरांनी आधी जीव वाचवायचा, पोलिसांची कागदपत्रं नंतर. डिसेंबर 2024 मध्ये घाटकोपरमधल्याच चिराग नगरच्या बाजारात टेम्पो घुसला, तेव्हा जखमींना राजावाडी हॉस्पिटलात नेलं. अशा वेळी नेणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 134-अ त्याला संरक्षण देतं. कॅज्युअल्टीत एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस अशी नोंद होते, तिला मात्र घाबरू नका. पुढे बिलाचे पैसे मागायचे तर अपघाताचा तो पहिला पुरावा.

"खासगीत डिपॉझिटशिवाय हात लावत नाहीत," असंही लोक म्हणतात. पण मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, माणशी दीड लाखापर्यंत, विमा असो वा नसो. गोम अशी की हे योजनेत नोंदलेल्या हॉस्पिटलात. इतरत्र फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरतं. त्यामुळे दारात पहिला प्रश्न तोच विचारायचा. आणि मांडीचं हाड सात दिवसांत जुळत नाही. आठव्या दिवसापासूनचं बिल आपल्याच अंगावर.

बिल थकलं म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही. राज्याच्या शुश्रूषागृहांच्या 2021 च्या सुधारित नियमांत तसं लिहिलंय. वाद पैशाचा असेल तर तो पैशाचाच राहतो.

"माझ्या गाडीचा विमा आहे ना!" असतो, पण थर्ड पार्टी म्हणजे समोरच्यासाठी. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं. त्यातून हॉस्पिटलचं बिल निघत नाही. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर जखमेला पन्नास हजार आणि मृत्यूला दोन लाख मिळतात. त्याचा अर्ज महसूल खात्याकडे.

काकांचा शेवटचा प्रश्न होता, "घाई कसली?" दाव्यासाठी कायद्यात लिहिलेली मुदत सहा महिन्यांची आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये. काकांचे चार महिने गेलेत.

संध्याकाळी आम्ही दोघं स्टेशनजवळच्या केमिस्टकडे गेलो. काकूंचा मोबाईल नंबर टाकताच कॉम्प्युटरवर सगळी जुनी बिलं आली. पोऱ्याने एकेक छापून शिक्का मारला. काका काठीवर रेलून मोजत होते. सतरा निघाली. तिथून आम्ही समोर झेरॉक्सवाल्याकडे गेलो.